एक्क्यासोबतचे दुसरे पान

नवी मुंबईतील एपीएमसी मार्केटपासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर माझा दवाखाना आहे. या परिसरात दवाखाना चालवणाऱ्या माणसाला रुग्णाचा व्यवसाय सहसा विचारावा लागत नाही. मसाला बाजारातून आलेल्याच्या कपड्यांना हळद-मिरचीचा वास असतो. कांदा-बटाटा बाजारातील माणसाच्या केसांत मातीची धूळ असते. भाजी बाजारातील माणूस सकाळी दहाला येतो आणि त्याचा दिवस तेव्हा संपलेला असतो, कारण तो मध्यरात्रीपासून जागा असतो. वर्षानुवर्षे पाठीवर पोती वाहिलेले माथाडी कामगार तर खांद्यावरूनच ओळखू येतात. त्यांचे खांदे दुखतात. सर्वांचेच दुखतात. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण माझी चूक याच वाक्यात दडलेली आहे.

त्या चुकीचा अर्थ मला समजला तो दवाखान्यात नव्हे, तर पत्त्यांच्या डावात.

सुटीच्या दुपारी आम्ही चौघे पत्ते खेळतो. धान्य बाजारात, म्हणजे जुन्या लोकांच्या भाषेत दाणाबंदरात, आयुष्य घालवलेले एक वृद्ध शेठ, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई, पाटण तालुक्यातून तरुणपणी मुंबईत आलेले आणि माथाडी म्हणून निवृत्त झालेले नाना, आणि मी. आधी आम्ही मेंढीकोट खेळत असू. मग शेठजींचा नातू परदेशातून सुटीवर आला आणि त्याने आम्हांला पोकरचा एक प्रकार शिकवला. त्याचे नाव लिमिट होल्डेम. पैशांऐवजी आम्ही चवळीचे दाणे वापरतो. शेठजींच्या घरी वानगी म्हणून आलेल्या धान्याच्या पुड्या अजूनही असतात, त्यामुळे आमच्या जुगाराला भांडवलाची वाण नाही. डाव संपला की चवळी डब्यात परत जाते.

महाराष्ट्राला पत्ते नवे नाहीत. सावंतवाडीची लाखकाम केलेली गोल गंजिफा आपण प्रदर्शनांतून पाहिली असेल. दशावतारी गंजिफेत दहा रंग आणि एकशेवीस पाने असतात. होल्डेम मात्र आपल्या नेहमीच्या बावन्न पानांचाच. प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात. मग मधोमध सर्वांसाठी पाच पाने उघडली जातात, आधी तीन, नंतर एक, शेवटी आणखी एक. हातातील दोन आणि मधली पाच यांतून उत्तम पाच पानांचा संच ज्याचा, तो जिंकला. प्रत्येक टप्प्यावर बोली होते. 'लिमिट' म्हणजे बोलीचा आकडा ठरलेला. आमच्याकडे पहिल्या दोन फेऱ्यांत दोन दाणे, शेवटच्या दोन फेऱ्यांत चार. एका फेरीत किती वेळा चढवायचे यालाही मर्यादा. त्यामुळे एकाच डावात कोणी सर्वस्व गमावत नाही. ही मर्यादा आहे म्हणूनच बाई खेळायला बसल्या.

या खेळात जागेला फार महत्त्व आहे. जो शेवटी बोलतो, तो आधीच्या सर्वांचे बोलणे ऐकून बोलतो. जो पहिला बोलतो, त्याला अंधारात बोलावे लागते. गेल्या पावसाळ्यातील एका दुपारी ती पहिली जागा माझी होती. नियमानुसार एक दाणा मी आधीच टाकलेला होता. माझ्या हातात इस्पिकचा एक्का आणि चौकटची चव्वी आली. नानांनी आणि शेठजींनी दोन-दोन दाणे टाकले. मला आणखी एकच दाणा टाकायचा होता. एक्का आहे, एका दाण्याने काय होते, असे म्हणून मी आत गेलो. बाईंचे दोन दाणे नियमाने आधीच होते. मधोमध आठ दाणे झाले.

तीन पाने उघडली. बदामचा एक्का, किलवरची नव्वी, चौकटची सत्ती. माझी एक्क्यांची जोडी झाली. मी आनंदाने दोन दाणे लावले. बाईंनी पाने खाली ठेवली. नानांनी शांतपणे दोन दाणे भरले. शेठजी बाहेर पडले. चौथे पान इस्पिकची दुर्री. मी चार लावले. नानांनी आठ केले. इथे मी क्षणभर थांबलो. पण एक्क्यांची जोडी सोडवते कशी? आणखी चार भरले. पाचवे पान बदामचा राजा. आता मी बोली लावली नाही, नानांनी चार लावले, मी तेही भरले.

नानांनी पाने उघडली. चौकटचा एक्का आणि इस्पिकची राणी. एक्क्यांची जोडी दोघांचीही होती. जोडी सारखी असेल तर उरलेली पाने पाहतात. नानांचे राजा, राणी, नव्वी. माझे राजा, नव्वी, सत्ती. माझी चव्वी मोजणीतसुद्धा आली नाही. माझे सोळा दाणे गेले.

नाना दाणे ओढून घेत म्हणाले, "डॉक्टर, एक्का दिसला की तुम्ही दुसरं पान बघतच नाही."

ते हसत म्हणाले. बाकीचेही हसले. मला मात्र त्या वाक्यासरशी चार वर्षांपूर्वीचा एक सोमवार आठवला.

त्या सोमवारी संध्याकाळी नाना माझ्याकडे डावा खांदा दुखतो म्हणून आले होते. वय तेव्हा एकाहत्तर. मधुमेह पंधरा वर्षांचा. शंभर-शंभर किलोंची पोती ज्या काळात पाठीवर घेत, त्या काळातले ते माथाडी. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीने 1969 साली माथाडी कायदा मिळवून दिला, त्याच्या आठवणी सांगणारे. मी खांदा दाबला आणि विचारले, "दुखतंय?" ते म्हणाले, "दुखतंय." माझा एक्का मला सापडला. पोत्यांनी झिजलेला खांदा. मी वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या, शेकायला सांगितले आणि पुढच्या रुग्णाला बोलावले. बाहेर वीस माणसे बसली होती.

गुरुवारी आक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, मधुमेहाच्या गोळ्यांची चिठ्ठी घ्यायला एकट्याच आल्या. चिठ्ठी घेऊन त्या दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "ह्यांचं काय खरं वाटत नाही डॉक्टर. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर बसत्यात. खांदा धरत्यात. घटकाभर बसलं की थांबतंय."

मी सवयीने विचारले, "हात वर करताना दुखतो का?"

"नाही ओ. काल हात वर करून पंखा पुसला की त्यांनी."

झिजलेला खांदा हात वर केल्यावर दुखतो. जिना चढल्यावर दुखणारा आणि बसल्यावर थांबणारा खांदा बहुधा खांदा नसतो. मी नानांना लगेच बोलावून घेतले. ईसीजी काढला. त्यात ठळक असे काही नव्हते. त्या क्षणी सर्व ठीक आहे असे मानण्याचा मोह झाला, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. परंतु एक ईसीजी निर्दोष आला म्हणून हृदय निर्दोष ठरत नाही. ॲस्पिरिनची गोळी चावून खायला दिली आणि त्यांना त्याच वेळी रुग्णालयात पाठवले. तेथे पुन्हा ईसीजी आणि ट्रोपोनिन नावाची रक्ततपासणी झाली. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे द्रव्य रक्तात वाढते. ते वाढलेले होते. अँजिओग्राफीत एक मोठी रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली आढळली. स्टेंट बसवला. नाना वाचले.

लोकांनी मला शाबासकी दिली. आक्कांनी पेढे आणले. पण सोमवार ते गुरुवार या चार दिवसांचा हिशेब माझ्याकडे होता. त्या चार दिवसांत मी ज्या वर्गातील वेदनाशामक गोळ्या दिल्या होत्या, त्या वृद्धांच्या मूत्रपिंडाला आणि हृदयालाही त्रासदायक ठरू शकतात. दुखणे ओळखले नाही, ही एक चूक. आणि त्यावर चुकीची चाल केली, ही दुसरी. ती मी कोणालाच सांगितली नव्हती.

आता डावाकडे परत जाऊ. माझी एक्क्यांची जोडी खोटी नव्हती. नानांचा खांदाही खरोखर दुखत होता; मी दाबला तेव्हा दुखलाच. पण मधोमध उघडा पडलेला एक्का सर्वांचा असतो. या बाजारातील प्रत्येक वृद्ध माथाड्याचा खांदा दाबल्यावर दुखतो. हृदयविकार असलेल्याचाही आणि नसलेल्याचाही. जी खूण दोघांतही सापडते, ती दोघांत निवड करू शकत नाही. निवड करते ते सोबतचे पान. दुखणे कशाने वाढते, कशाने थांबते, घाम आला का, दम लागला का, हे ते पान. सोमवारी ते पान मी उलटून पाहिलेच नाही.

दुसरी गोष्ट जागेची. कुटुंबाचा डॉक्टर नेहमी पहिल्या जागेवर बसलेला असतो. हृदयरोगतज्ज्ञांकडे रुग्ण जातो तेव्हा ईसीजी, रक्ताचे अहवाल, माझी चिठ्ठी, सर्व उघडे असते. ते शेवटी बोलतात. माझ्यासमोर केवळ एक माणूस आणि 'खांदा दुखतो' हे दोन शब्द असतात. ही जागा बदलता येत नाही. पण पहिल्या जागेवर बसणाऱ्याने कसे खेळावे, याचे शहाणपण आहे. कमकुवत सोबतीच्या पानावर स्वतःहून बोली फुगवू नये. समोरचा शांत माणूस अचानक बोली चढवतो तेव्हा त्याचे ऐकावे. आक्का दारातून वळून बोलल्या, ती त्या डावातील चढवलेली बोली होती. चार वर्षे आमच्या घरी डबा पोहोचवणाऱ्या, कधी तक्रार न करणाऱ्या बाई जेव्हा 'खरं वाटत नाही' म्हणतात, तेव्हा त्यांच्या हातात काहीतरी आहे असे समजावे.

तिसरी गोष्ट हिशेबाची, आणि ती मला सर्वांत उपयोगी वाटते. नानांनी शेवटचे चार दाणे लावले तेव्हा मधोमध बत्तीस दाणे होते. चार दाणे भरून बत्तीस मिळण्याची शक्यता. म्हणजे नऊ वेळांत एकदा जरी मी जिंकलो तरी तोटा नाही. त्यामुळे शेवटचे चार दाणे भरणे ही चूक नव्हती. चूक त्याआधीची होती. चव्वीसोबतचा एक्का घेऊन पहिल्या जागेवरून आत जाणे आणि मग तो राणीसोबतचा असल्यासारखा खेळणे, ही चूक. हाच हिशेब दवाखान्यात उलट्या बाजूने उपयोगी पडतो. ईसीजीचा खर्च काहीशे रुपये आणि दहा मिनिटे. मधोमध पडलेला आहे तो माणसाचा जीव. नऊ रुग्णांत एखाद्याचाच विकार हृदयाचा निघाला, तरी ते चार दाणे भरलेच पाहिजेत. बहुतेक वेळा तपासणी 'वाया' जाते. ती वाया गेली, याचा आनंद मानावा.

एक फरक मात्र मोठा आहे. आमच्या खेळात मर्यादा होती, म्हणून माझे सोळा दाणेच गेले. दोनच खेळाडूंचा असा मर्यादित होल्डेम 2015 साली कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठातील संशोधकांनी संगणकाच्या साहाय्याने जवळजवळ पूर्णपणे सोडवला. दुखण्याच्या डावात अशी मर्यादा कोणी आखून दिलेली नाही. ती आपणच आखावी लागते. 'ही गोळी दोन दिवस घ्या. फरक पडला नाही, किंवा चालताना दुखले, तर तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता या,' असे त्या सोमवारी मी म्हटले असते, तर माझी चूक दोन दाण्यांत आटोपली असती. आता मी प्रत्येक वृद्ध रुग्णाला असे सांगतो. आपल्या डॉक्टरांनी सांगितले नाही, तर आपण विचारावे: "डॉक्टर, किती दिवस वाट पाहू, आणि काय झाले तर लगेच येऊ?" हा प्रश्न उद्धटपणाचा नाही.

घरी वृद्धांची काळजी घेणाऱ्यांना मी विशेष विनंती करतो. वृद्धांचा, त्यातही मधुमेही वृद्धांचा हृदयविकार अनेकदा छातीतील कळ घेऊन येत नाही. मधुमेहाने नसा बधिर झालेल्या असतात. दम लागणे, एकाएकी घाम फुटणे, मळमळ, विलक्षण थकवा, जबडा, खांदा, पाठ किंवा पोटाच्या वरच्या भागातील दुखणे, एवढ्यावरच तो व्यक्त होऊ शकतो. रुग्ण स्वतः 'गॅस झालाय' म्हणतो. आपण मात्र घरात असता. त्यांनी जिन्यात थांबणे कधी सुरू केले, आंघोळीनंतर ते का बसून राहतात, रोजची फेरी कोणत्या दिवसापासून चुकली, हे केवळ आपल्याला ठाऊक असते. दवाखान्यात जाताना चार गोष्टी सांगाव्यात: नेहमीपेक्षा काय वेगळे आहे, केव्हापासून, कशाने वाढते आणि कशाने थांबते. चालू असलेली सर्व औषधे पिशवीत घालून न्यावीत. विश्रांती घेतानाही दुखत असेल, घाम येत असेल किंवा दम लागत असेल, तर दवाखान्याच्या रांगेत बसू नये. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णाला चालवू नये. ॲस्पिरिन सर्वांना चालत नाही; ती फोनवर डॉक्टरांना विचारूनच द्यावी.

पत्त्यांविषयीही दोन शब्द. वृद्धांनी पत्ते अवश्य खेळावेत. संगत मिळते, बोलणे होते, डोके चालते. उजेड भरपूर असावा, मोठ्या आकड्यांची पाने मिळतात ती घ्यावीत, आणि तासाभराने उठून चार पावले चालावीत. पण पैसे लावू नयेत. आपल्याकडे 1887 पासून जुगार प्रतिबंधक कायदा आहे, पण कायद्याखेरीज आणखी एक कारण आहे. कंपवातासाठी दिल्या जाणाऱ्या प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल या औषधांमुळे काही रुग्णांना जुगाराची किंवा खरेदीची अनावर ओढ लागते. आयुष्यभर काटकसरीने राहिलेले वडील अचानक मोबाइलवर पैसे लावू लागले, तर त्यांना रागावण्यापूर्वी त्यांची औषधांची चिठ्ठी पाहावी आणि डॉक्टरांना सांगावे. औषध स्वतःहून एकदम बंद मात्र करू नये.

हापूसच्या हंगामात फळ बाजारात अजूनही काही ठिकाणी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरतो. शेठजी सांगतात, रुमालाखाली बोट चुकीचे दाबले गेले, तर ते तिथल्या तिथे कबूल करावे. नंतर बाजारात पत राहत नाही. मी मात्र चार वर्षे रुमाल ओढून बसलो होतो.

त्या दुपारी बाई आणि शेठजी गेल्यावर नाना चवळीचे दाणे डब्यात भरत होते. मी म्हणालो, "नाना, तुम्ही खांद्यासाठी आलात त्या सोमवारी माझं चुकलं होतं. मी नीट विचारलंच नाही. गोळ्याही द्यायला नको होत्या."

त्यांनी मान वर केली नाही. "ठावं हाय," ते म्हणाले. "रुग्णालयातल्या डॉक्टरनं इचारलं हुतं, ह्या गोळ्या कुणी दिल्या म्हनून. आक्का रागावली हुती."

"मग पुन्हा माझ्याकडेच कसे आलात?"

"गुरवारी तिचं ऐकून घेतलंत की तुम्ही," ते म्हणाले. डब्याचे झाकण लावून त्यांनी तो माझ्या हातात दिला. मग जिना उतरताना एकदा थांबले. मी वरून विचारले, "दुखतंय का?"

"न्हाई," नाना म्हणाले. "चप्पल निसटली."

तरीही दुसऱ्या दिवशी मी त्यांना ईसीजीला बोलावले. तो निर्दोष आला.